परदेशी नोकरी, वर्क व्हिसा आणि पीआर: विदर्भातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंगणघाट, दारव्हा, मेहकर, चामोर्शी, अर्जुनी मोरगाव अशा ठिकाणांहून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथं एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक जण सॉफ्टवेअर, टेस्टिंग, नेटवर्क किंवा डेटाच्या कामातले आहेत. प्रश्न त्यांच्याच बोलीत ठेवले, फक्त नावं काढली. आकडे २०२६ च्या सुरुवातीचे आहेत. हे नियम दर वर्षी हलतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी त्या-त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर ताडून बघाच.

१. व्हिसा, वर्क परमिट, पीआर, सिटिझनशिप हे सगळं एकच आहे का?

नाही. व्हिसा म्हणजे देशात शिरायची परवानगी. वर्क परमिट म्हणजे काम करायची परवानगी. ती बहुतेकदा एका मालकाशी आणि ठरावीक मुदतीशी बांधलेली असते. पीआर म्हणजे त्या देशात कायम राहायची परवानगी. तो मिळाला की मालक बदला, शहर बदला, नाहीतर काही महिने घरी बसा, राहण्याचा हक्क जात नाही. पासपोर्ट मात्र भारताचाच राहतो. अमेरिकेचं ग्रीन कार्ड म्हणजे तिथला पीआरच. नागरिकत्व ही त्यापुढची पायरी. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून ते घेतलं की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो.

२. भाऊ, एकच सांगा, कोणत्या देशाच्या मागं लागू?

हातात काय आहे त्यावर ठरतं, पण गोल उत्तर देऊन पळत नाही. बी.ई. झालेला, तीन-चार वर्षं खरं काम केलेला आणि घरून पंचवीस लाख आणू न शकणारा पोरगा किंवा पोरगी असेल, तर माझ्या मते आज जर्मनी सगळ्यात सरळ आहे (प्रश्न १४). लॉटरीची भानगड नाही, पगाराची अट उघड लिहिलेली आहे आणि पीआर दोन-सव्वादोन वर्षांत मिळू शकतो. त्रास एकच, भाषा.

कॅनडाची वाट सॉफ्टवेअरवाल्यांसाठी अरुंद झाली आहे (प्रश्न १५). ऑस्ट्रेलियात गुणांची पद्धत आहे. किमान ६५ गुण आणि वय ४५ च्या आत लागतं, पण आयटीच्या पदांना ६५ वर सहसा बोलावणं येत नाही. ब्रिटनमध्ये कुशल कामगार व्हिसाला जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पौंड पगार हा साधारण उंबरठा आहे. तिथं कायम वास्तव्य सध्या पाच वर्षांनी मिळतं, पण ते दहा वर्षांवर न्यायचा सरकारी प्रस्ताव आहे, हे धरूनच हिशेब करा. आखातात पैसा चांगला आहे, कर नाही, पण इथं म्हणतो त्या अर्थाचा पीआर नोकरीवर सहसा मिळत नाही. अमिरातीचा गोल्डन व्हिसासुद्धा मुदतीचाच असतो. अमेरिकेची गोष्ट वेगळी आणि लांब आहे, ती प्रश्न ११ ते १३ मध्ये.

३. मी पुण्यात जॉब करून राहिलो, घर दिग्रसजवळच्या खेड्यात आहे. पासपोर्टवर कोणता पत्ता टाकू?

सध्या जिथं खरोखर राहता तो. देशात कुठल्याही पासपोर्ट सेवा केंद्रात अर्ज करता येतो, पण पोलीस पडताळणी अर्जातल्या पत्त्यावर होते. गावचा पत्ता टाकला आणि पोलीस घरी आल्यावर आईनं ‘तो पुण्याले असते’ असं सरळ सांगितलं, की शेरा उलटा जातो. भाडेकरार आणि बँकेचं पासबुक घेऊन पुण्याचा पत्ता द्या, कायमचा पत्ता गावचा लिहा. गावीच राहत असाल तर अर्ज नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाच्या अखत्यारीत जातो. काही जिल्ह्यांच्या ठिकाणी टपाल कार्यालयातही केंद्र आहे, दर वेळी नागपूर गाठायची गरज नाही.

साधी फी ३६ पानांसाठी १,५०० रुपये, तत्काळला वर २,०००. दहावी पास असाल तर ‘इमिग्रेशन चेक’चा शिक्का लागत नाही, दहावीचं प्रमाणपत्र तेवढं जोडा.

४. मार्कशीटवर आडनाव पहिले, आधारवर शेवटी, टीसीवर बापाचं नाव वेगळ्याच स्पेलिंगनं. चालते का?

आपल्याकडचा सगळ्यात मोठा अडसर हाच आहे, आणि लोक याकडे सगळ्यात शेवटी बघतात.

आडनाव आधी की नंतर, हा क्रमाचा फरक कोणी फारसा मनावर घेत नाही. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिका तशाच असतात. अडतं ते स्पेलिंग. एका कागदावर ‘ज्ञानेश्वर’चं स्पेलिंग डीएन असं सुरू होतं आणि दुसऱ्यावर जीवाय, हे परदेशातल्या अधिकाऱ्याला दोन वेगळी माणसं वाटतात. उपाय असा: पासपोर्ट हा मुख्य कागद धरा आणि बाकीचे त्याच्याकडे वळवा. आधार आणि पॅन सहज दुरुस्त होतात. बोर्डाची गुणपत्रिका शाळेमार्फत दुरुस्त होते, पण वेळ खाते. जिथं दुरुस्ती शक्यच नाही तिथं ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र ठेवा. नाव खरोखर बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्धी लागते.

पासपोर्टवर आडनावाची जागा कोरी असेल तर ती आधी भरून घ्या. अशा पासपोर्टवर अमेरिकन व्हिसात पहिल्या नावाच्या जागी ‘नाव अज्ञात’ अशा अर्थाची तीन अक्षरं येतात. पुढं तिथलं लायसन्स, बँक, सगळीकडे तेच नाव चिकटतं.

लग्न झालेल्या मुलींना वेगळं सांगतो. पासपोर्टवर नवऱ्याचं आडनाव लावलंच पाहिजे अशी कोणतीही सक्ती नाही. डिग्री आणि अनुभव माहेरच्या नावावर असेल तर पासपोर्टही तसाच ठेवा. सासरच्यांना समजवावं लागेल, पण कागद वाचतील.

५. माझा जन्म घरी झाला, १९९६ चा. ग्रामपंचायतीत नोंदच नाही. आता?

पासपोर्टला अडचण नाही. १ ऑक्टोबर २०२३ पूर्वी जन्मलेल्यांना शाळा सोडल्याचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र चालतं. अडचण येते पुढं, मुख्यत्वे अमेरिकेच्या ग्रीन कार्डच्या वेळी, कारण तिथं जन्माचा दाखला मागतातच.

आधी ग्रामपंचायतीत आणि मग तालुक्याला जुनी रजिस्टरं शोधायला सांगा. नोंद बहुतेकदा असते, पण ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढीच, नाव नसतं. तसं असेल तर अर्ज करून नाव टाकून घेता येतं. नियमानं त्याला नोंदणीपासून १५ वर्षांची मुदत आहे, म्हणून घरातल्या लहान मुलांचं हे काम आजच उरकून टाका. नोंद अजिबातच सापडली नाही तर दोन वाटा उरतात. एक, दंडाधिकाऱ्यांच्या आदेशानं उशिरा नोंदणी. दुसरी, ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला, त्याला टीसी आणि आईवडिलांची किंवा जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं जोडून. अमेरिकेत दुसरी वाट मान्य आहे. उशिरा नोंदणीच्या दाखल्यावरही ते जोडीला शाळेचा पुरावा मागू शकतात, म्हणून टीसीची मूळ प्रत जपून ठेवा.

हे काम आईवडील हयात असताना, त्यांना चालता-बोलता येत असताना करा. बाकी कागद पैसे देऊन पुन्हा मिळतात, त्यांची साक्ष मिळत नाही.

६. अमरावती विद्यापीठाची डिग्री बाहेर चालते का? अन् बीसीए तीन वर्षांचं आहे, त्याचं काय?

संत गाडगे बाबा अमरावती, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर आणि गोंडवाना ही तिन्ही सरकारी विद्यापीठं आहेत, डिग्री खरीच आहे. प्रश्न येतो तो समकक्षतेचा. जर्मनीसाठी ‘अनाबिन’ या सरकारी यादीत आपलं विद्यापीठ आणि आपली नेमकी पदवी दोन्ही शोधा. विद्यापीठासमोर ‘एच प्लस’ (म्हणजे मान्यताप्राप्त) हवं. पदवी यादीत नसेल तर तुलनापत्र मागवता येतं. कॅनडासाठी ठरवून दिलेल्या संस्थेकडून मूल्यांकन करावं लागतं. त्यासाठी विद्यापीठाचा ट्रान्सक्रिप्ट लागतो आणि परीक्षा विभागात तो वेळ घेतो. नोकरी सोडायच्या आठवड्यात नव्हे, आधीच अर्ज टाका. तात्पुरत्या प्रमाणपत्रावर थांबू नका, पदवीदान समारंभाचं मूळ प्रमाणपत्र काढून ठेवा.

तीन वर्षांच्या बीसीए किंवा बी.एस्सी.चा खरा घोळ अमेरिकेत होतो. एच-१बीसाठी (अमेरिकेचा वर्क व्हिसा, प्रश्न ११) राहिलेलं एक वर्ष अनुभवानं भरून निघतं, तीन वर्षं काम म्हणजे एक वर्ष शिक्षण असा हिशेब असतो. पण ग्रीन कार्डच्या ईबी-२ (उच्च पदवीवाल्यांच्या) वर्गात हा जोड सहसा टिकत नाही. बीसीएवर एमसीए केलं असेल तर बाजू मजबूत होते.

७. फक्त पॉलिटेक्निक डिप्लोमा आहे, पण सहा वर्षं कोडिंग करतो. काही वाट?

आहे. जर्मनीच्या ब्लू कार्डमध्ये (उच्चशिक्षित परदेशी कामगारांचा परवाना, प्रश्न १४) आयटीवाल्यांसाठी खास सवलत आहे: मागच्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा, पदवीधराच्या तोडीचा अनुभव असेल तर डिग्री नसली तरी चालतं. पगार प्रश्न १४ मधल्या खालच्या आकड्याइतका हवा. अनुभव सिद्ध करायची सगळी भिस्त अनुभवपत्रावर येते, म्हणून प्रश्न ९ नीट वाचा.

८. अपोस्टिल करून ठेवू का सगळ्या कागदांचं? एजंट सतरा हजार सांगून राहिला.

अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा, परदेशात चालणारा सरकारी शिक्का. सरसकट नको. ज्या देशानं आणि ज्या कागदासाठी मागितलं, त्याचंच करा. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, कॅनडा २०२४ मध्ये आला. गंमत अशी की जर्मनीनं भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली होती, त्यामुळे भारतातला अपोस्टिल तिथं कामाचा नाही. जर्मन कार्यालयाला शंका आली तर ते त्यांच्या दूतावासामार्फत कागद पडताळून घेतात. म्हणजे जर्मनीला जाणाऱ्याकडून अपोस्टिलचे पैसे घेणारा एजंट एक तर अडाणी आहे, नाहीतर हुशार.

९. नागपूरच्या छोट्या कंपनीत होतो, पगार रोख मिळायचा. एक्सपिरियन्स लेटर चालेल का?

पत्र चालेल, पण एकटं पुरत नाही. पत्रात पद, कामावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, पगार आणि मुख्य म्हणजे काम काय केलं ते चार-पाच ओळींत हवं. ‘त्यांना शुभेच्छा’ छाप एका परिच्छेदाचा उपयोग शून्य. बरोबर बँकेत जमा झालेला पगार, फॉर्म १६ किंवा पीएफची नोंद यापैकी काही तरी लागतं. रोख पगार असेल आणि विवरणपत्रही भरलं नसेल, तर ती वर्षं सोडून द्या आणि आता जिथं आहात तिथून मोजा.

बनावट अनुभवपत्र काढून देणारे नागपूर, पुणे, हैदराबाद सगळीकडे बसले आहेत. कॅनडात खोटी माहिती पकडली गेली तर पाच वर्षं बंदी येते, ऑस्ट्रेलियात साधारण तीन. अमेरिकेत कायमचं दार बंद होऊ शकतं. त्या एका पत्रासाठी पुढची खरी वर्षं पणाला लावू नका.

१०. जिल्हा परिषद शाळेत मराठी माध्यमातून शिकलो. इंग्रजीची परीक्षा जमेल का?

जमते. कॅनडाच्या गुणपद्धतीत खरा फायदा होतो तो ‘सीएलबी ९’ ला (कॅनडाच्या मोजपट्टीवरची भाषेची पातळी): आयईएलटीएस जनरलमध्ये ऐकण्यात ८ आणि वाचन, लेखन, बोलणं यात प्रत्येकी ७. मराठी माध्यमातली मुलं वाचन-लेखनात सहसा अडत नाहीत, ऐकण्यात गुण जातात. तेव्हा व्याकरणाची पुस्तकं बाजूला ठेवून रोज इंग्रजी बातम्या ऐका. ब्रिटननं जानेवारी २०२६ पासून कुशल कामगार व्हिसाची इंग्रजीची पातळी बी-२ (मध्यमाच्या वरची) वर नेली आहे. जर्मन ब्लू कार्डला इंग्रजीची परीक्षा लागत नाही, मुलाखत इंग्रजीतून दिली की कंपनीचं समाधान होतं.

११. एच-१बीचं नेमकं काय झालं? एक लाख डॉलर कोण भरते?

एच-१बीच्या दर वर्षी ६५,००० जागा, शिवाय अमेरिकेतल्या मास्टर्सवाल्यांसाठी २०,००० आहेत. मार्चमध्ये कंपनी नाव नोंदवते, त्यातून निवड होते आणि काम १ ऑक्टोबरपासून सुरू होतं. उमेदवार स्वतः अर्ज करू शकत नाही. मुदत तीन वर्षं अधिक तीन वर्षं.

दोन मोठे बदल झाले. सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं, अमेरिकेबाहेर असलेल्या माणसासाठी नवा अर्ज करताना मालकाला एक लाख डॉलर भरावे लागतात. आदेश सुरुवातीला १२ महिन्यांसाठी काढला आहे. आधीच विद्यार्थी व्हिसावर तिथं असलेल्यानं तिथूनच दर्जा बदलला तर ही रक्कम लागत नाही. दुसरा बदल निवडीचा. २०२६ च्या फेरीपासून पगाराच्या पातळीप्रमाणे वजन मिळतं: सर्वांत वरच्या पातळीचं नाव चार वेळा टोपलीत पडतं, सर्वांत खालच्या पातळीचं एकदाच.

याचा सरळ अर्थ असा की गावाहून थेट एच-१बीवर नव्यानं जाणं आज फार थोड्यांना शक्य आहे. बदलीवर जाणाऱ्यांसाठी एल-१ उरतो. त्याला त्याच कंपनीच्या बाहेरच्या शाखेत मागच्या तीन वर्षांपैकी एक वर्ष सलग काम केलेलं असावं लागतं, पण लॉटरी नसते. एच-१बीच्या अर्जाचे पैसे ‘तुमच्या पगारातून कापू’ म्हणणारी कन्सल्टन्सी नियम मोडते आहे, तिथून निघा.

व्हिसाची मुलाखत आता आपल्या देशातच द्यावी लागते, महाराष्ट्रातल्यांना सहसा मुंबई. बोटांचे ठसे वेगळ्या दिवशी असतात. गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट दोन दिवसांच्या मुक्कामाच्या हिशेबानं काढा. एच-१बी आणि एच-४ (एच-१बीवाल्याच्या बायको-मुलांचा व्हिसा) अर्जदारांना समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायलाही सांगितलं जातं.

१२. आय-१४० मंजूर झालं. ग्रीन कार्ड किती वर्षांत?

आय-१४० म्हणजे तुमच्या ग्रीन कार्डसाठी सहसा मालकानं भरलेला अर्ज. पुढचं मनाची तयारी करून वाचा. नोकरीवरच्या ग्रीन कार्डांचा वार्षिक आकडा साधारण १,४०,००० आहे, त्यात बायको-मुलंही मोजली जातात. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्याच्या सात टक्क्यांहून जास्त सहसा मिळत नाहीत. भारताचे अर्ज त्याच्या कितीतरी पट आहेत. म्हणून भारताच्या ईबी-२ आणि ईबी-३ (त्याखालचा वर्ग) रांगेत २०१३-१४ च्या आसपास अर्ज केलेल्यांचा नंबर आत्ता लागतो आहे. आज रांगेत उभा राहणाऱ्याला कोणीही प्रामाणिकपणे तारीख सांगू शकत नाही.

रांगेत असताना काम थांबत नाही. आय-१४० मंजूर असेल तर एच-१बी सहा वर्षांच्या पुढंही तीन-तीन वर्षांनी वाढतो, आणि नोकरी बदलली तरी रांगेतली तारीख सहसा टिकते. पण नोकरी गेली की काय होतं ते प्रश्न २३ मध्ये वाचा. रांगेत उभं राहून गावच्या लग्नकार्यांना मुकलेली माणसं मी बघितली आहेत. ज्याला गावाशी सतत येणं-जाणं ठेवायचं आहे त्यानं ही वाट विचार करून धरावी.

१३. माझा जन्म कुवेतचा, बाबा तिथं होते. नंतर सगळं शिक्षण अकोल्याला. मी कोणत्या रांगेत?

कुवेतच्या! रांग नागरिकत्वावर नाही, जन्माच्या देशावर ठरते. कुवेत, दुबई, मस्कत इथं जन्मलेला भारतीय अमेरिकेच्या हिशेबात भारताच्या रांगेत येत नाही. इतकंच नव्हे, नवरा-बायकोपैकी एकाचा जन्म असा बाहेरचा असेल तर दुसऱ्यालाही त्याच देशाच्या रांगेत जाता येतं. मुलांच्या जन्मस्थानाचा आईवडिलांना मात्र उपयोग नाही. अशी मंडळी थोडी असतात आणि बऱ्याच जणांना हे वकील सांगेपर्यंत माहीत नसतं. तिथल्या जन्मदाखल्याची प्रत हाताशी ठेवा.

१४. जर्मनीचं ब्लू कार्ड ते पीआर, सगळं एकदाच सांगा.

नोकरीचं पत्र हवं. २०२६ साठी वार्षिक ढोबळ पगार किमान ५०,७०० युरो. आयटीसारख्या टंचाईच्या पेशांना, नुकत्याच पदवी घेतलेल्यांना आणि प्रश्न ७ मधल्या बिनडिग्रीवाल्यांना सुमारे ४५,९३४ युरो. पदवीची मान्यता प्रश्न ६ प्रमाणे.

तिथं पोचल्यावर २७ महिने ब्लू कार्डवर काम केलं, पेन्शनचा भरणा झाला आणि जर्मन भाषेची ए-१ (अगदी प्राथमिक) पातळी असेल तर पीआर. बी-१ (मध्यम पातळी) असेल तर २१ महिन्यांतच. म्हणून विमानात बसायच्या आधी ए-१ इथंच करून जा, पोचल्यावर कामाच्या धबडग्यात क्लासला वेळ मिळत नाही.

नोकरी हातात नसेल तर जून २०२४ पासून ‘संधी कार्ड’ आहे. सहा गुण आणि खर्चाची तजवीज दाखवून वर्षभर तिथं राहून नोकरी शोधता येते, तोवर आठवड्याला वीस तास काम चालतं. घरचे पैसे टाकून हे करायला मी सहसा सांगत नाही. इथं बसून मुलाखती देता येतात, भाडं म्युनिकचं कशाला भरायचं?

१५. कॅनडाला माझा स्कोअर ४७० आहे. येईल का नंबर?

कॅनडा गुण मोजून वेळोवेळी फेऱ्या काढतो आणि त्यात वरच्यांना पीआरसाठी बोलावतो. आजच्या घडीला फक्त इंग्रजीवर कठीण. २०२५ मध्ये तिथंच काम करणाऱ्यांच्या फेऱ्याही ५०० च्या वर थांबल्या. नोकरीच्या पत्राचे गुण मार्च २०२५ मध्ये काढून टाकले, तेव्हा ‘ऑफर लेटर घ्या, ५० गुण वाढवा’ असं सांगणारा जुनी पाटी वाचून राहिला आहे. त्याच वर्षी विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीतून सॉफ्टवेअर डेव्हलपरसारखी पदं वगळली. सायबर सुरक्षा राहिली.

दोन गोष्टींनी चित्र बदलतं. एखाद्या प्रांताचं नामांकन मिळालं की ६०० गुण. आणि फ्रेंच: मार्च २०२५ मध्ये फ्रेंचच्या एका फेरीत ३७९ ला बोलावलं होतं. दीड-दोन वर्षं मन लावून फ्रेंच शिकायची तयारी असेल तर ४७० वाल्यासाठी हीच खरी वाट आहे.

१६. प्रूफ ऑफ फंड्सला बापाची बारा एकर शेती दाखवली तर? किंमत दीड कोटी होते.

चालत नाही. कॅनडाला हातात वापरता येईल असा पैसा हवा. जमीन, घर, सोनं यांची किंमत मोजत नाहीत. जुलै २०२५ च्या आकड्याप्रमाणे एकट्या माणसाला १५,२६३ कॅनेडियन डॉलर, कुटुंब वाढलं की रक्कम वाढते. बँकेच्या पत्रात मागच्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लकही लिहावी लागते, म्हणून आदल्या आठवड्यात खात्यावर आलेला मोठा आकडा लगेच डोळ्यात भरतो.

उसने पैसे चालत नाहीत, असं नियमातच लिहिलं आहे. वडिलांनी खरोखर दिलेले पैसे चालतात. त्यांचं बक्षीसपत्र आणि त्यांच्याकडे पैसा आला कुठून ते दाखवणारा कागद जोडा. कापूस-सोयाबीनच्या विक्रीच्या बाजार समितीच्या किंवा जिनिंगच्या पावत्या इथं कामी येतात.

आणि यासाठी जमीन विकू नका. नोकरी आधी हातात येते अशा वाटेवर (जर्मनी, ब्रिटन) हा पुरावा एक तर लागत नाही, नाहीतर किरकोळ लागतो. एकदा परदेशी गेल्यावर तीच जमीन परत घेता येत नाही, कारण प्रश्न २२ मध्ये आहे.

१७. एजंट लागतोच का? खरा-खोटा कसा ओळखायचा?

अर्ज स्वतः भरता येतात, फॉर्म फुकट आहेत. गुंतागुंत असेल (आधी नकार, नावाचा घोळ, गुन्ह्याची नोंद) तर सल्ला घ्या, पण परवानाधारकाचा. कॅनडाचे सल्लागार तिथल्या सल्लागारांना परवाना देणाऱ्या संस्थेत नोंदलेले असतात, ऑस्ट्रेलियाच्या सल्लागारांकडे ‘मारा’ हा तिथला नोंदणी क्रमांक असतो. क्रमांक मागा आणि त्यांच्या यादीत स्वतः शोधा. ‘शंभर टक्के पीआर’ असं लिहून देणारा खोटाच, कारण निर्णय त्याच्या हातात नाही. मूळ पासपोर्ट आणि डिग्री कोणाच्याही टेबलावर ठेवून येऊ नका.

१८. टेलिग्रामवर थायलंडची डिजिटल मार्केटिंगची नोकरी आली, तिकीट तेच देतात. जाऊ का?

नाही. २०२२ पासून परराष्ट्र मंत्रालय याबद्दल सावध करत आलं आहे. अशा आयटी नोकऱ्यांच्या नावाखाली पोरांना थायलंडमधून म्यानमारच्या सीमेपलीकडे नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला डांबलं गेलं. पर्यटक व्हिसावर नोकरीला बोलावणारा कोणीही असो, उत्तर तेच.

१९. मी गावातूनच अमेरिकन कंपनीचं काम करतो. हे पीआरसाठी मोजतात का?

वास्तव्य म्हणून नाही. पीआरचे दिवस त्या देशात पाय ठेवल्यावर सुरू होतात. अनुभव म्हणून मात्र मोजतात, फक्त तो भारतातला अनुभव ठरतो. कंत्राटदार म्हणून पैसे येत असतील तर करार, बिलं, बँकेतली आवक आणि आयकर विवरण एका फायलीत ठेवा, नाहीतर प्रश्न ९ मधल्या रोख पगारवाल्यासारखी गत होते.

२०. बायकोला तिथं काम करता येईल का? पोरांचं काय?

जर्मन ब्लू कार्डवर बायकोला किंवा नवऱ्याला जर्मन न येताही सोबत येता येतं आणि लगेच काम करता येतं. ब्रिटनमध्येही काम चालतं. अमेरिकेत एच-४ वर थेट नाही. मुख्य माणसाचं आय-१४० मंजूर झालं की वेगळा परवाना मागता येतो. लग्नाची नोंद आधी करा, ग्रामपंचायतीतही होते. पत्रिका आणि फोटोवर कोणी व्हिसा देत नाही.

मुलांच्या बाबतीत २१ हा आकडा लक्षात ठेवा. अमेरिकेच्या लांब रांगेत मूल २१ चं झालं की ते आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडू शकतं.

२१. आईबाबांना कायमचं नेता येते का?

बहुतेक ठिकाणी नाही, किंवा फार उशिरा. अमेरिकेत ग्रीन कार्डवाल्याला आईवडिलांसाठी अर्ज करता येत नाही, नागरिक झाल्यावरच करता येतो. कॅनडाचा सुपर व्हिसा एका फेरीत पाच वर्षांपर्यंत राहू देतो, पण आरोग्य विमा घ्यावा लागतो. जर्मनीनं १ मार्च २०२४ नंतर पहिल्यांदा परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आईवडिलांना आणायची मुभा दिली आहे. त्यांचा खर्च आणि आरोग्य विमा दाखवावा लागतो, आणि तिथंच गाडी अडते. साठी ओलांडलेल्या माणसाला तिथं विमा महाग पडतो. शिवाय त्यांना यायचं आहे का, हे आधी विचारा. जानेवारीतल्या हॅम्बुर्गमध्ये बंद खोलीत बसणं बाबांना मानवेल असं समजू नका.

२२. सातबारावर माझं नाव आहे. बाहेर गेल्यावर शेती जाते का? पीएम किसान बंद होते का?

शेती जात नाही. परदेशी जाण्याआधी नावावर असलेली जमीन तशीच राहते आणि वारसानंही मिळू शकते, पुढं नागरिकत्व बदलून ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) घेतलं तरी. पण अनिवासी झाल्यावर ‘फेमा’ या परकीय चलनाच्या कायद्याच्या नियमांप्रमाणे नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानंही घेता येत नाही. बाबांना हयातीत जमीन नावावर करून द्यायची असेल तर ते काम जाण्याआधीच करा. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते.

पीएम किसानमध्ये आयकर भरणारे आणि अनिवासी भारतीय बसत नाहीत. मात्र तिथं कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं. तुम्ही सज्ञान आहात, म्हणून तुमच्या परदेशी पगारामुळे बाबांचा हप्ता बंद व्हायचं कारण नाही. तुमच्या स्वतःच्या नावावरचा हप्ता सुरू असेल तर तो सोडा, पुढं वसुली निघते.

निघण्याआधी दोन कामं करा. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडू देऊ नका, शेतकरी ओळखपत्रापासून सगळं त्याच्या ओटीपीवर चालतं. आणि भावाच्या नाहीतर आईच्या नावे ठरावीक कामांपुरतं मुखत्यारपत्र करून ठेवा. ई-पीक पाहणीला बांधावर कोणी तरी उभं राहावंच लागतं. जमीन विकायचा अधिकार त्यात देऊ नका. भावावर अविश्वास नाही, पण भावाच्या मेहुण्याचं काय सांगता येतं. बँकेलाही कळवा: साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी माणसाचं भारतातल्या पैशाचं खातं) करून घ्यावं लागतं, आणि तिथली कमाई पाठवायला एनआरई हे वेगळं अनिवासी खातं उघडा.

२३. तिथं नोकरी गेली तर लगेच परत यावं लागते का?

लगेच नाही. एच-१बीवर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, तेवढ्यात नवा मालक शोधायचा किंवा दुसरा दर्जा मागायचा. ऑस्ट्रेलियाच्या ४८२ या मालकानं काढलेल्या वर्क व्हिसावर एका वेळी १८० दिवस. जर्मनीत परदेशी नागरिक कार्यालयाला कळवावं लागतं आणि शोधायला साधारण तीन महिने मिळतात. पीआर आल्यानंतर हा धाक राहत नाही. तोवर सहा महिन्यांचा खर्च तिथल्याच बँकेत बाजूला ठेवा, गावाकडचं घर पुढच्या वर्षी बांधलं तरी चालतं.

२४. पीआर मिळाला. आता पेरणी ते सोंगणी गावात राहिलो तर पीआर जातो का?

देशावर अवलंबून आहे. कॅनडाला पाच वर्षांत ७३० दिवस तिथं काढले की पुरतं, म्हणजे जून ते ऑक्टोबर दर वर्षी गावात राहूनही हिशेब बसतो. जर्मन पीआर साधारणपणे सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की संपतो. ब्लू कार्डवरून आलेल्यांना जास्त सूट असते, पण आधी कार्यालयाकडून लेखी घ्या. ऑस्ट्रेलियाच्या पीआरमध्ये पहिली पाच वर्षं येण्या-जाण्याची मुभा असते, नंतर परतीचा व्हिसा लागतो. अमेरिकेला सहा महिन्यांपुढं राहिलात की विमानतळावर प्रश्न सुरू होतात. वर्षभराहून जास्त राहायचं असेल तर निघण्याआधी पुनःप्रवेशाचा परवाना काढा, तो दोन वर्षांपर्यंत मिळतो. तो अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो, गावातून करता येत नाही.